स्वतःचे गाणे, स्वतःच्या पट्टीत: नाशिकच्या स्वतंत्र संगीतकारासाठी

नाशिकमध्ये गाणे शिकलेल्या तरुणाची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. लहानपणी पेटीवर अलंकार, मग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून मध्यमा किंवा विशारदपर्यंतच्या परीक्षा, कॉलेजात युवक महोत्सव, आणि त्यानंतर लग्नांतील संगीत, गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेसारख्या कार्यक्रमात कोरसमधली एखादी जागा, किंवा गंगापूर धरणाच्या बाजूच्या एखाद्या वायनरीत शनिवारी संध्याकाळी गिटार घेऊन दोन तास. या बहुतेक ठिकाणी दाद मिळते ती मूळ गाण्याच्या किती जवळ गेलात याची. "अगदी ओरिजिनलसारखं म्हटलंस" हे वाक्य वर्षानुवर्षे कानावर पडत राहिले की स्वतःचे गाणे करायला बसलेल्या माणसाच्या तोंडून निघणारी पहिली ओळही दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातून आल्यासारखी निघते.

अशा टप्प्यावर असलेल्या, कोणत्याही कंपनीचा आधार नसताना स्वतःच्या पैशाने गाणी करणाऱ्या गायक-संगीतकारांसाठी हा लेख आहे. मुख्य म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. 'मला वेगळे व्हायचे आहे' असे ठरवून बसल्याने स्वतःचा आवाज सापडत नाही. जी नक्कल आपण करत आलो आहोत ती अर्धवट न सोडता टोकापर्यंत न्यावी, ती आपल्याकडून कोणत्या जागी तुटते हे नेमके पाहावे, आणि त्या जागी काय करायचे याचा निर्णय दरवेळी जाणीवपूर्वक घ्यावा. असे बरेच निर्णय साठले की ऐकणाऱ्याला ते गाणे कोणाचे आहे हे ओळखू येऊ लागते.

नक्कल शेवटपर्यंत न्यावी

नक्कल म्हटले की नव्या संगीतकारांना संकोच वाटतो, आणि तो अनाठायी आहे. कुमार गंधर्वांचे उदाहरण सर्वांना माहीत असते, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. लहान वयात ते प्रसिद्ध झाले ते मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ च्या सुमारास क्षयाने त्यांना गाठले, त्यांनी देवासला मुक्काम हलवला आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. त्या काळात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानावर पडत होती, त्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि पुढे लोकधुनांतून उगवलेले राग बांधले. आजारपणानंतर दमसास पूर्वीसारखा राहिला नव्हता. लहान, टोकदार स्वरवाक्ये आणि त्यांच्यामधली अर्थपूर्ण शांतता ही त्यांची ओळख झाली, आणि त्यात या मर्यादेचा वाटा आहे असे जाणकार मानतात. मात्र इतरांच्या गायकीची खडान्‌खडा माहिती गळ्यात आधीच नसती, तर त्या मर्यादेतून एवढे काही निघाले असते असे मला वाटत नाही.

नाशिकचे स्वतःचे उदाहरण दत्तात्रेय विष्णु पलुसकरांचे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशिकला येऊन राहिले, आणि त्यांचा हा मुलगा १९२१ साली नाशिकमध्येच जन्मला. वडील १९३१ साली गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढची तालीम वडिलांचेच शिष्य असलेल्या नारायणराव व्यास आणि विनायकराव पटवर्धन यांच्याकडे झाली. एकाच ग्वाल्हेर परंपरेतले दोन गुरू, आणि दोघांची मांडणी वेगळी. एकाच गुरूचा ठसा इतका खोल बसतो की तो पुसायला आयुष्य जाते, पण दोन ठसे एकमेकांवर पडले की शिष्याला निवड करावीच लागते. १९५५ साली, जेमतेम चौतिसाव्या वर्षी, ते गेले. तरीही तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरचे त्यांचे गाणे पहिल्या काही स्वरांतच ओळखू येते.

यावरून करण्याजोगी गोष्ट अशी. आदर्श एकच न ठेवता तीन ठेवावेत, आणि तिघे एकमेकांपासून दूरचे असावेत. उदाहरणार्थ एक शास्त्रीय गायक, एक लोकगायक आणि एक आजचा गीतकार-गायक. प्रत्येकाची एकच ओळ घ्यावी, पूर्ण गाणे घेऊ नये. ती ओळ मोबाइलवरच्या कुठल्याही अॅपमध्ये अर्ध्या वेगाने ऐकावी, स्वरलेखन करावे, श्वास कुठे घेतला आहे तिथे खूण करावी, कोणते अक्षर ओढले आहे आणि कोणते तोडले आहे ते लिहावे. मग ती ओळ मूळ गाण्याबरोबर आणि नंतर एकट्याने गाऊन मुद्रित करावी. दोन्ही मुद्रणे एकापाठोपाठ ऐकली की फरक दिसू लागतात: इथे माझा श्वास दोन अक्षरे आधी संपतो, इथे मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) घेण्याऐवजी मी स्वर थेट पकडतो, इथे त्यांचा 'ळ' मऊ आहे आणि माझा जाड. हे फरक वहीत लिहून ठेवावेत. काही फरक उणिवांचे असतात आणि रियाजाने जातात. पण महिनाभर रियाज करूनही जे जात नाहीत आणि तिन्ही ओळींत पुन्हापुन्हा दिसतात, ते आपल्या गळ्याचे आणि आपल्या बोलण्याचे आहेत. पुढचे काम त्यांच्यावर करायचे आहे.

पट्टी ठरवणे

आपली पट्टी कोणती, म्हणजे 'सा' कोणत्या उंचीवर धरायचा, हे अनेक चांगल्या गायकांना ठाऊक नसते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. ऑर्केस्ट्रात मूळ गाण्याची पट्टी असते, क्लासमध्ये बाईंची किंवा सरांची पट्टी असते, आणि पुरुष म्हणजे काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी), स्त्री म्हणजे काळी चार किंवा काळी पाच, असा एक ठोकताळा असतो. हा ठोकताळा बैठकीत साथीदारांच्या सोयीचा आहे, पण स्वतःची गाणी बांधणाऱ्याने तो तपासल्याशिवाय मान्य करू नये.

तपासणी सोपी आहे. सकाळी गळा मोकळा झाल्यावर तानपुऱ्याच्या अॅपवर एक पट्टी लावावी आणि मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या 'प'पासून) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत) आकारात सावकाश जावे. मंद्र पंचम नुसता पुटपुटल्यासारखा न येता भरीव यायला हवा, आणि तार गंधाराला मान वर जाता कामा नये. मग अर्धा स्वर वर, अर्धा स्वर खाली असे करत जिथे दोन्ही टोके सांभाळली जातात ती जागा शोधावी. एवढ्यावर थांबू नये. त्याच पट्टीत एखादा परिच्छेद वाचून पाहावा, अगदी वर्तमानपत्रातला चालेल. बोलताना आवाज ज्या स्वराभोवती फिरतो तो स्वर गाण्याच्या षड्जापासून फार लांब असेल तर शब्दप्रधान गाण्यात आवाज 'लावलेला' वाटतो. भावगीत, लोकगीत किंवा गिटारवरचे साधे गाणे करणाऱ्यांनी शास्त्रीय रियाजाच्या पट्टीपेक्षा एक-दीड स्वर खाली उतरून पाहावे. अनेकांना आपला खरा आवाज तिथे पहिल्यांदा ऐकू येतो, आणि सुरुवातीला तो त्यांना आवडत नाही.

न आवडण्याला शारीरिक कारण आहे. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो, आणि हाडांतून येणाऱ्या भागात खालच्या कंप्रता जास्त असतात. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला आवाज येतो, त्यामुळे तो पातळ आणि परका वाटतो. इतरांना मात्र आपण नेहमी तसेच ऐकू येत असतो. यावर उपाय सवयीचा. मोबाइल हाताच्या अंतरावर ठेवून रोज पाच मिनिटे मुद्रित करावी, कोणतेही इफेक्ट न लावता, आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐकावे. मध्ये एक रात्र गेली की काय गायचे मनात होते ते विसरले जाते आणि काय गायले गेले तेच ऐकू येते.

एक सूचना पेटीविषयी. पेटीचे स्वर समान अंतरांवर पक्के केलेले असतात, त्यामुळे तिच्यावर गाणारा गळा हळूहळू तिच्याच जागा पकडायला शिकतो, आणि शिवाय बारीक चुका तिच्या आवाजाखाली झाकल्या जातात. बसवलेले गाणे आठवड्यातून एकदा तरी फक्त तानपुऱ्यावर गाऊन पाहावे. कोमल गंधार आपण किती खाली लावतो, शुद्ध निषादावर किती रेंगाळतो, या गोष्टी तिथे उघड्या पडतात, आणि त्याही आपल्या आवाजाचाच भाग आहेत.

ओळ कुठून आणायची

स्वतः लिहिणाऱ्यांची मोठी अडचण शब्दांची असते. चाल सुचते, पण ओठांवर येते ती गेल्या पन्नास वर्षांच्या भावगीतांची आणि हिंदी सिनेगीतांची मराठीत उतरलेली सावली. उदाहरणासाठी एक ओळ मीच करून दाखवतो:

तुझ्याविना हे जीवन सूने, स्वप्नांमधुनी येशिल का तू

यात चूक काहीच नाही. प्रत्येक अर्ध्या ओळीत सोळा मात्रा आहेत, आठ-आठच्या दोन तुकड्यांत त्या नीट बसतात, आणि केरवा या आठ मात्रांच्या तालाची दोन आवर्तने बिनबोभाट भरतात. मात्र ही ओळ सिन्नरच्या माणसाची आहे, सोलापूरच्या माणसाची आहे की शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसाची आहे, हे कळायला मार्ग नाही. आता याच मात्रांत, याच चालीवर बसणारी दुसरी ओळ पाहा:

गारा पडून गेल्या रात्री, बाग बघाया धजलो नाही

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्याला बाग नाही त्यालाही भीतीमुळे सकाळ पुढे ढकलणारा माणूस त्यात दिसतो. दुःखाचे नाव कुठेही घेतलेले नाही. ओळ लिहिताना स्वतःला विचारण्याचा प्रश्न एवढाच, की हे वाक्य माझ्या घरातले कोणी, किंवा मी ज्या माणसांत वाढलो त्यांतले कोणी, या शब्दांत बोलेल का. बोलेल, तर ठेवावी. केवळ गाण्यातच कोणी बोलेल असे वाटले, तर बदलावी.

शब्द मिळाल्यानंतर ते तालात कुठे ठेवायचे हा निर्णय उरतो, आणि माझ्या मते संगीतकाराची ओळख शब्दांइतकीच इथे घडते. वरची ओळ समेपासून (तालाच्या पहिल्या, जोराच्या मात्रेपासून) उचलली तर केरव्याच्या दोन समा 'गारा' आणि 'गेल्या' या शब्दांवर पडतात, आणि दुसऱ्या अर्ध्यात 'बाग' आणि 'धजलो' यांवर. ओळ घटनेची होते, म्हणजे काय झाले ते सांगणारी. तीच ओळ पाचव्या मात्रेपासून, खालीवरून ('खाली' म्हणजे तालातली बिनजोराची मात्रा) उचलली तर सम 'पडून' आणि 'रात्री' यांवर येते, आणि पुढे 'बघाया'तल्या 'घाया'वर आणि शेवटच्या 'नाही'वर. आता ओळीचे वजन 'रात्री' आणि 'नाही' यांच्याकडे सरकले, आणि गाणारा माणूस अंधारात बसलेला ऐकू येऊ लागला. चाल तीच, शब्द तेच, फक्त उचल बदलली. मला दुसरी उचल जास्त खरी वाटते. एखादा तिसरा संगीतकार 'धजलो' हा शब्द ठेक्याबाहेर सोडून जवळजवळ बोलल्यासारखा म्हणेल, आणि तोही त्याच्या जागी बरोबर असेल. प्रत्येक ओळीची अशा तीन प्रकारे उचल करून पाहावी, मुद्रित करावी, आणि कोणती का निवडली हे वहीत एका वाक्यात लिहावे. दहा गाण्यांनंतर ती वही चाळली की आपण नेहमी कोणत्या प्रकारची निवड करतो हे दिसते.

शब्दांच्या जोरावर स्वतःचा आवाज उभा करणाऱ्यांमध्ये याच जिल्ह्यातील वामनदादा कर्डकांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. अक्षरओळख मोठेपणी झाली. बाबासाहेबांच्या विचारांवर त्यांनी आयुष्यभर गाणी रचली, आणि २००४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ती महाराष्ट्रभर इतर शेकडो गायकांच्या तोंडी होती. आवाज म्हणजे फक्त गळ्याचा पोत असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दुसऱ्याच्या गळ्यातून आलेली ओळही रचणाऱ्याची म्हणून ओळखली जाते, ती तिच्या विचारामुळे आणि बोलीच्या ठसक्यामुळे.

बोलीबद्दल थोडे सावध राहावे. सटाणा, देवळा, मालेगाव या भागांत घरी अहिराणी बोलली जाते, आणि अहिराणी गाण्यांना आज मोबाइलवर मोठा श्रोतृवर्ग आहे. ज्याच्या घरात ती बोली आहे त्याने तिच्यात अवश्य लिहावे, आणि प्रमाण मराठीच्या धाकाने ती घासूनपुसून घेऊ नये. परंतु ज्याने अहिराणी फक्त रीलमध्ये ऐकली आहे त्याने चालते म्हणून ती अंगावर चढवली, तर तिकडचा श्रोता पहिल्या दोन ओळींतच ओळखतो. कॉलेज रोडवर वाढलेल्या मुलाची मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलेली भाषा ही देखील खरीच भाषा आहे, आणि तिच्यात चांगले गाणे व्हायचे अजून पुष्कळ बाकी आहे.

कान कुठे न्यावेत

हेडफोनमध्ये जगभरचे संगीत मिळते, त्यामुळे पन्नास-साठ किलोमीटरच्या आतले संगीत ऐकायचे राहून जाते. नाशिककराला यासाठी फार लांब जावे लागत नाही. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला दिंड्या येतात. तिथे एक मृदंग, एक वीणा आणि खूपसे टाळ असताना शंभर माणसे एका लयीत कशी राहतात आणि ती लय चढताना कोण कोणाकडे पाहतो, हे जवळ उभे राहून पाहावे. वणीच्या गडाच्या परिसरात, किंवा कोणाच्या घरच्या गोंधळात, संबळ ऐकावा. मिरवणुकीतला नाशिक ढोल आपण लहानपणापासून ऐकतो, पण कधी तरी नाचणे थांबवून एका ढोलाच्या शेजारी उभे राहावे आणि टिपरू (ढोल वाजवण्याची काठी) व हाताची थाप यांच्यामधली फट मोजावी. संगणकावर बनवलेला 'नाशिक ढोल' कोरडा का लागतो याचे उत्तर त्या फटीत आहे, कारण प्रत्यक्षात ती कधीही तंतोतंत सारखी नसते.

पेठ, सुरगाणा आणि कळवणकडच्या आदिवासी पट्ट्यात मार्गशीर्षाच्या सुमारास डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी हे फुंकवाद्य वाजते. त्याच भागातल्या कोकणा समाजाचे थाळगान तर प्रत्येक संगीतकाराने एकदा तरी समोर बसून ऐकावे. कांशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात, कथा सांगणारा ती काडी बोटांच्या चिमटीतून वरून खाली ओढत राहतो, आणि थाळीतून अखंड गुंजन निघते. त्या गुंजनावर रात्र-रात्र कथा गायली जाते. तानपुऱ्याचे काम एक थाळी आणि एक काडी करू शकते हे प्रत्यक्ष पाहिले की महागड्या साधनांविषयीचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

हे ऐकायचे कशासाठी, हे मात्र स्पष्ट असावे. पावरीचा एक तुकडा मोबाइलवर मुद्रित करून आपल्या गाण्याच्या सुरुवातीला चिकटवणे म्हणजे मातीशी नाते जोडणे नव्हे. पारंपरिक गाण्यावर कोणा एकाचा लेखी हक्क नसतो, परंतु ते वाजवणारा माणूस समोर असतो. मुद्रण करण्यापूर्वी त्याला विचारावे, ते कुठे वापरणार हे त्याच्या भाषेत सांगावे, स्टुडिओतल्या वादकाला जे मानधन दिले असते ते त्याला द्यावे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव लिहावे. तत्त्व घ्यायचे असेल, जसे की गुंजनाला धरून कथा सांगण्याचे तत्त्व, तर ते आपल्या वाद्यावर, आपल्या विषयासाठी वापरून पाहावे. टिकणारे गाणे बहुधा या दुसऱ्या मार्गाने येते.

घरचे ध्वनिमुद्रण

याविषयी इंटरनेटवर गरजेपेक्षा जास्त लिहिलेले आहे, म्हणून थोडक्यात. पहिल्या काही गाण्यांसाठी एक बऱ्यापैकी माइक, दोन इनपुटचे ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे यंत्र) आणि कान झाकणारा हेडफोन पुरतो. पैसे उरले तर ते खोलीवर खर्च करावेत. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर, मागे जाड गोधड्या टांगून, पंखा बंद करून, माइकपासून एक वीतभर अंतरावर गायले तर शब्दप्रधान गाण्यासाठी आवाज पुरेसा स्वच्छ येतो. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण करावे आणि पातळीत वर भरपूर मोकळी जागा ठेवावी. अंतिम मिश्रण उगाच कर्कश मोठे करण्यात अर्थ नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास आणून वाजवतात. ऑटोट्यून (स्वर आपोआप सरळ करणारे साधन) वापरायचे की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र नक्कल करताना वहीत लिहिलेले जे फरक आपले म्हणून ओळखले होते, तेच जर ते यंत्र सरळ करून टाकत असेल, तर ते बंद ठेवावे.

पोटाचे कार्यक्रम आणि स्वतःचे गाणे

लग्नाच्या आणि हॉटेलांतल्या कार्यक्रमांना तुच्छ लेखणारे स्वतंत्र संगीतकार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे घरभाडे दुसरे कोणी भरत असते. जेवणाऱ्या लोकांसमोर दोन तास गाताना जे शिकायला मिळते ते बंद खोलीत मिळत नाही: कोणत्या क्षणी बोलणे थांबते, कोणत्या लयीला चमचे थबकतात. फक्त त्यात दोन नियम पाळावेत. पहिला, प्रत्येक कार्यक्रमात स्वतःचे एक गाणे ठेवावे, आणि ते शेवटी न ठेवता तिसरे किंवा चौथे ठेवावे, 'हे माझे आहे' असे न सांगता. लोकप्रिय गाण्यांच्या मध्ये ते ऐकले जाते की त्या वेळी लोक पाण्याचा ग्लास उचलतात, हे निरपेक्षपणे कळते. दुसरा, फर्माइशीचे एखादे प्रसिद्ध गाणे दर महिन्याला स्वतःच्या पट्टीत, स्वतःच्या उचलीने नव्याने बसवावे. श्रोत्यांना ओळखीचे गाणे मिळते आणि आपल्याला निवडीचा सराव.

निव्वळ स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा असेल, तर पहिल्याच वेळी कालिदास कलामंदिराची तारीख मागायला जाऊ नये. मोठ्या सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या कलाकाराला चुकीचे काहीतरी शिकवतात. कोणाच्या तरी गच्चीवर, वाचनालयाच्या छोट्या खोलीत किंवा वाड्याच्या चौकात तीस माणसे पुरेशी आहेत. त्यांतली निम्मी नात्यातली नसावीत. कार्यक्रमानंतर 'कसे झाले' असे विचारू नये, कारण उत्तर 'छान' हेच येते. कोणती ओळ आठवते आहे, एवढेच विचारावे. पाच अनोळखी माणसांना एकच ओळ आठवत असेल, तर पुढच्या गाण्याची सुरुवात त्या ओळीत जे साधले होते तिथून करावी.

प्रकाशित करण्यापूर्वीचे कागद

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि त्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. रचना झाली की हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी अनिवार्य नाही. पण गाण्याच्या सर्व तारीखवार फाइली आणि वहीची पाने जपून ठेवावीत, वाद झाला तर तीच कामी येतात. मित्रांबरोबर गाणे केले असेल तर कोणी काय केले आणि कोणाचा किती वाटा, हे गाणे बाहेर जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. मैत्री असल्यामुळे हे लिहायला अवघड वाटते, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते लिहावे.

गाणे 'आम्ही काढतो' म्हणून कोणी पुढे आले तर हक्क देण्याचा करार लेखीच मागावा. कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. बरेच छापील करार ही दोन्ही कलमे 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' अशी भरूनच आणतात. ती वाचावीत, खोडायला सांगावीत, आणि समोरचा तयार नसेल तर गाणे घरी न्यावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्यासाठी गीतकार-संगीतकारांची संस्था म्हणून १९६९ पासून आयपीआरएस आहे, तिचे सदस्य व्हावे.

वितरण सेवेमार्फत (गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत) गाणे अपलोड करताना प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या मुद्रणाची ओळखसंख्या, मिळतो. तो लिहून ठेवावा, आणि पुढे वितरक बदलला तरी त्याच मुद्रणासाठी तोच क्रमांक वापरावा. गीतकार, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांची नावे भरण्याच्या जागा असतात. घाईत त्या रिकाम्या सोडल्या जातात, किंवा सगळीकडे एकाच गायकाचे नाव टाकले जाते. तसे करू नये. नावाचे देवनागरी आणि रोमन असे एकच ठरलेले लेखन सगळ्या ठिकाणी वापरावे, नाही तर एकाच माणसाची दोन-तीन खाती तयार होतात आणि ती एकत्र करायला महिने जातात.

प्रकाशनाची तारीख अपलोड करण्याच्या दिवसापासून निदान तीन-चार आठवडे पुढची ठेवावी. चुका दुरुस्त करायला तेवढा वेळ लागतोच. या मधल्या आठवड्यांत आकड्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा पुढच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी बांधायला घ्याव्यात, म्हणजे पहिले गाणे बाहेर पडेल त्या दिवशी दुसऱ्याची उचल समेपासून करायची की खालीवरून, हा प्रश्न हातात असेल.